डब्यातला चमचा

सुधीरला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधी मांडून टाकू, म्हणजे मागाहून कोणी कोणाच्या पदरात काय टाकलं यावर वाद नको. जकात नाक्यावरच्या पत्र्याच्या खोपटातून सुटका मिळणार होती. भिवंडीच्या निजामपुऱ्यातली खोली सुटणार होती. त्या खोलीखाली आठ लूम चालत आणि फळीवरचे डबे दिवसभर एकमेकांना टकरा देत. दादरला दोन खोल्या मिळतील असं बोलणं होतं. बायकोला, नीलाला, दार असलेलं स्वयंपाकघर हवं होतं, तेही त्यात बसत होतं. आणि या सगळ्याच्या वर म्हणजे नाव. चित्रपट संपताना पडद्यावर पाच सेकंद अक्षरं येणार होती: निवेदन, आणि पुढे तो.

घालायचं होतं काय, तर फक्त आवाज. तो त्याला फुकटच मिळालेला होता. असला सौदा कोण सोडेल?

आवाज नाक्यावर कमावलेला. धडधडत्या ट्रकच्या केबिनमधल्या ड्रायव्हरला खालून ऐकू जाईल असं बोलायचं म्हणजे छाती लागते. एकदा नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने हिवतापावरचा इंग्रजी चित्रपट आणला, आणि लोकांना कळावं म्हणून पडद्याशेजारी उभं राहून मराठीत सांगायला कोणी मिळेना. तेव्हा साहेबांनी नाक्यावरून सुधीरला बोलावलं. तो असा बोलला, की दुसऱ्या दिवशी डासांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त. मग देवी, मग खरूज, मग क्षय. दोन वर्षांत आसपासच्या गावांत त्याला ‘दवाखान्याचा आवाज’ म्हणू लागले. बायका तर त्याला डॉक्टरच समजत. तोही फारशा घाईने ती समजूत दूर करत नसे.

अशाच एका खेळाला मुंबईचे कर्णिक आले होते. औषध कंपन्यांसाठी डॉक्टरी माहितीपट काढणं हा त्यांचा धंदा. हिंदी-इंग्रजी निवेदक त्यांच्याकडे होते. आता मराठीत, गुजरातीत काढा म्हणून कंपन्या मागे लागल्या होत्या. त्यांनी सुधीरला ताडदेवच्या स्टुडिओत बोलावलं, मायक्रोफोनसमोर उभं केलं, आणि पहिल्या वाक्यालाच काचेपलीकडून हात वर केला.

“तुम्ही कोणाला हाक मारताय? खाडीपलीकडे कोणी राहिलंय का?”

सगळे हसले. सुधीरही हसला, कारण हसण्यावाचून दुसरं काही हाताशी नव्हतं.

मग कर्णिकांनी त्याला बाजूला घेऊन धंद्याचं गुपित सांगितलं. “बातम्या देणारा माहिती देतो. नट भावना देतो. डॉक्टरी निवेदकाने खात्री द्यायची. ऐकणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे, की या माणसाने माझी नाडी धरलीय आणि याला कुठे जायची घाई नाही. आवाज तुमच्याकडे आहे. तो खाली आणा. आणा आणि परत या.”

खाली आणायचा म्हणजे आधी स्वतःला ऐकायला हवं. आणि इथे सुधीरच्या लक्षात आलं, की बत्तीस वर्षं भिवंडीत काढून आपण आपला आवाज शांततेत एकदाही ऐकलेला नाही. नीलाच्या भावाकडून स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला. टेपवर आले ते खालचे आठ लूम, आणि त्यांच्या मागे कुठेतरी बुडत चाललेला माणूस. शुक्रवारी माग बंद असत, पण शुक्रवारी सगळी गल्ली घरी असे. भांडणं, कव्वाल्या, पोरांचा धुडगूस. त्यापेक्षा लूम बरे.

तोड काढली विठूने. विठू जवळच्याच वळ गावचा. खाली चार माग चालवायचा, सायकलने यायचा-जायचा. सुधीरवर त्याचा जीव होता, कारण त्याच्या गावात सुधीर सांगून गेल्यापासून देवीची लस टोचून घ्यायला बायका आपण होऊन आल्या होत्या.

“भाऊ, दुपारी माझा जोडीदार जेवाया जातो. तवा त्याचे चार बंदच आसतात. माझे मी बंद करतो. पाव घंटा. तुमी बोलून घ्या.”

“अरे, पण तुझा शेठ?”

“शेठ दुपारी झोपतो. त्याला सपनात पन माग चालूच दिसतात.”

“आणि कापड? तुला तर मीटरवर मजुरी.”

“जाल दोन मीटर इकडं तिकडं. तुमचा पिक्चर वळला आला म्हंजे मला फुडं बसवा. बायकोला सांगीन, ह्यो आवाज आमच्या लूमवरचा हाय.”

तर पहिला पैसा गुंतवला तो विठूने, हे ध्यानात असू द्या. रोज दुपारी खालची खडखड एकेक करून थांबे, फळीवरचे डबे गप्प होत, आणि सुधीर टेपसमोर बसून नाडी धरायला शिके. नीला पोळ्या लाटता लाटता ऐके आणि नाक मुरडून सांगे, “आत्ता डॉक्टर वाटलात. मघाशी इन्शुरन्सवाले वाटत होतात.” दुसऱ्या हिवाळ्यात आवाज जागेवर आला. उतरला, रुंद झाला, मायेचा झाला. कर्णिकांनी तो ऐकला आणि पहिलं काम दिलं.

काम एका दुधाच्या भुकटीच्या कंपनीचं. चित्रपटाचं नाव ‘बाळाचं पहिलं वर्ष’. इस्त्रीच्या साडीतली आई, गुबगुबीत बाळ, बाटली, डबा. बाकीचं निवेदन गोड होतंच. पण शेवटी शेवटी कंपनीच्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरने हट्टाने एक मजकूर घालायला लावला होता. कर्णिकांनी तो वेगळ्या चिठ्ठीवर टंकून पानाला टाचणीने लावून पाठवला. “हा डॉक्टर कंपनीला टाळं लावणार,” असंही म्हणाले. मजकूर असा: ‘आईचं दूध पुरत असेल तर हे दूध सुरू करू नका. सुरू करावंच लागलं, तर पाणी उकळून घ्या, आणि माप फक्त डब्यातल्या चमच्यानेच घ्या.’

तालमीत नीलाला हाच तुकडा सगळ्यात आवडला. “बाकीचं तुम्ही छान वाचता. हे तुम्ही सांगता,” ती म्हणाली.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सुधीरच्या आधी गुजराती निवेदक होता. वयस्क गृहस्थ, मोठं नाव. त्याचा घसा त्या दिवशी ऐकेना. चारदा रीळ मागे फिरवावं लागलं, आणि दर वेळी कर्णिक घड्याळाकडे बघत. शेवटी तो बाहेर येऊन बाकावर बसला तेव्हा त्याच्याकडे कोणी चहासुद्धा सरकवला नाही. सुधीरने ते पाहिलं. नाक्यावरच्या माणसाला कशावर किती जकात बसते ते लवकर कळतं.

त्याची पाळी आली. अंधार झाला, लाल दिवा लागला, पडद्यावर बाळ हसलं. सुधीर बोलू लागला तो असा, की काचेपलीकडचा यंत्रावरचा माणूस काम विसरून मान डोलवू लागला. पानाचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून सुटे कागद टेबलावरच्या जाड लोकरी बनातीवर अलगद सरकवायचे असतात. बाटली भरतानाचं दृश्य आलं, सुधीरने कागद सरकवला, आणि टाचणीची चिठ्ठी त्या कागदाच्या पाठीला चिकटून न वाचताच पुढे गेली. पडद्यावर आई बाटली भरत राहिली. तेवढ्या जागेत मागून सतारीचं संगीत आलं. वाईट लागलं नाही. उलट शोभलं.

दिवे लागले. कर्णिक दार उघडून आत आले, हात पसरून. “एका टेकमध्ये. सुधीरराव, तीन वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं. कंपनीचे अजून बारा चित्रपट आहेत, ऐकताय ना?”

सुधीरची नजर बनातीवर होती. चिठ्ठी टाचणीला लोंबत होती. म्हाताऱ्या डॉक्टरला त्या दिवशी कोणी बोलावलं नव्हतं. तोंड उघडायचं आणि ‘एक तुकडा राहिला’ म्हणायचं, एवढंच काम. मग रीळ मागे फिरलं असतं. दाराच्या फटीतून बाकावर बसलेला गुजराती गृहस्थ दिसत होता. गळ्याला मफलर गुंडाळत होता.

सुधीरने चिठ्ठी काढून खिशात घातली आणि चहा घेतला. त्याला तो कोणीतरी आपण होऊन आणून दिला होता.

चित्रपट वळला आला तो मार्गशीर्षात. शाळेच्या पटांगणात कंपनीची गाडी उभी, पांढरा पडदा, दिवेलागणीची वेळ. विठू पुढे बसला होता आणि ज्याला त्याला सांगत होता की पाव घंटा त्याचा आहे. शेजारी त्याची बायको तुळजा, मांडीवर तीन महिन्यांची कमळा. मागे सासू बायजाबाई, हात पोटाशी बांधून, कशालाच न फसण्याच्या तयारीत.

तुळजाला दूध भरपूर होतं. पोर टुणटुणीत होती. पण पडद्यावरचं बाळ तिच्यापेक्षा दुप्पट आणि चौपट गोरं. आवाज म्हणत होता, शास्त्रीय आहार. आवाज म्हणत होता, सुजाण आई. सुजाण म्हणजे काय ते तुळजाला नीट ठाऊक नव्हतं, पण आपण ती असावी असं त्या आवाजाने तिला वाटायला लावलं. त्यासाठीच तर तो दोन हिवाळे कमावला होता.

खेळाला सुधीर आणि नीलाही आले होते; खेळ संपला आणि गाडीवाल्याने माइक सुधीरच्या हातात दिला. “साहेब, दोन शब्द.” म्हणजे नशिबाने त्याला दुसऱ्यांदा विचारलं. माइक चालू, लोक बसलेले, चिठ्ठी पाठ. पण शेजारी कंपनीचा विक्रेता डबा छातीशी धरून उभा होता, आणि उद्या कर्णिकांना सगळा वृत्तांत सांगणारा तोच. सुधीरने वळकरांचे आभार मानले, विठूचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. विठूने मान खाली घातली, नव्या नवऱ्यासारखी.

परतताना एस.टी.त नीला म्हणाली, “चमच्याचा तुकडा आला नाही.”

“कापला त्यांनी.”

“कोणी?”

“कंपनीने. लांबी जास्त होत होती.”

नीलाने खिडकीबाहेर पाहिलं. “कापायला तेवढाच सापडला,” ती म्हणाली.

आता गावातला व्यवहार कसा चालतो ते त्या म्हाताऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. अख्खा डबा वळमध्ये घेणार कोण? सावळाराम वाण्याने एक डबा आणला, फोडला आणि भुकटी सुटी विकायला काढली. चहासारखी, हिंगासारखी, कागदाच्या पुडीत. चमचा डब्यातच राहिला आणि डबा दुकानातच राहिला. सावळाराम त्या चमच्याने पुड्या भरायचा. तुळजा घरी जाऊन चहाच्या चमचीने कालवायची. दूध पांढरं दिसलं की झालं. पाणी विहिरीचं, फडक्यातून गाळलेलं. सकाळी दूध पाजायच्या वेळेला ती दुसऱ्यांच्या मळ्यावर वांगी खुडायला जायची, आणि बाटली आहे म्हणून जीव टांगलेला नसे. पुढे तिचं स्वतःचं दूध आटत गेलं. मग पुडी रोजची झाली, रोजची झाली म्हणून पातळ झाली.

माघात पोरीला ढाळ लागले. पडघ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत डोळे आत गेले होते. तिथल्या डॉक्टरने बाटली पाहिली, वास घेतला आणि तुळजावर उखडला. “पिक्चर दाखवतात, त्यात सांगतात, चमच्याने माप घ्या, पाणी उकळा. तेवढंही कानावर घेत नाही तुम्ही लोक.” चित्रपट त्याने पाहिला नव्हता. पण अशा चित्रपटात हे असणारच, इतकी अक्कल कोणालाही असते.

कमळा तिसऱ्या दिवशी गेली.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी, जेवणाची वेळ नसताना, खालचे माग थांबले. चार नव्हे, आठही. फळीवरचे डबे गप्प झाले. सुधीर कर्णिकांनी पाठवलेले नवे कागद चाळत होता. जिन्यावर पावलं वाजली.

“ये विठू. बस.”

“बसत न्हाय, भाऊ. जोडीदाराला बोललो, जरा दम खा. येकच इचारायचंय.” विठू दारातच उभा राहिला. केसांत कापसाचे तंतू तसेच. “पडघ्याचा डाक्टर बोलला, पिक्चरमंदी चमच्याचं सांगतात. आय पन तेच बोलते. बोलते, तू पोरीला खेळवत व्हतीस, तुझं ध्यान नवतं, तू माझी नात खाल्लीस. तुळजा बोलते, न्हाय सांगितलं. तिनं वळला बघला, पडघ्याच्या बाजारात परत दोनदा बघला. पुरा पिक्चर बोलून दाखवते, भाऊ. तुमच्यावानी. कुठं थांबायचं, कुठं नरम व्हायचं, सगळं. त्यात चमचा न्हाय, उकळायचं न्हाय. आय आयकत न्हाय. घरात ठेवीत न्हाय बोलते.”

सुधीरने हातातले कागद उलटे करून ठेवले.

“मी आयला बोललो, भाऊंला इचारतो. त्यांचं तोंड, त्यांना म्हाईत. तुमी बोलाल तसं.”

नीला आतून बाहेर आली होती. पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते.

सुधीरने मनात झटक्यात आकडे मांडले. नाक्यावरची सवय. ‘नव्हतं’ म्हणावं, तर हे वळला कळेल, वळचं पडघ्याला, पडघ्याच्या डॉक्टरकडून कंपनीला, तिथून ताडदेवला. बारा चित्रपट. दादर. ‘होतं’ म्हणावं, तर काय? पोर तर काही परत येत नाही.

पण ‘होतं’ हा शब्दही त्याच्या तोंडून निघेना. त्याऐवजी त्याने भिंतीकडे पाहिलं आणि आवाज आपोआप खाली आला, जिथे ठेवायचा तिथे.

“आईचं दूध पुरत असेल तर हे दूध सुरू करू नका. सुरू करावंच लागलं, तर पाणी उकळून घ्या, आणि माप फक्त डब्यातल्या चमच्यानेच घ्या.”

एवढी शांतता त्या खोलीला कधीच मिळाली नव्हती. प्रत्येक अक्षर स्वच्छ उमटलं. विठूने डोळे मिटून ऐकलं, पडद्यासमोर ऐकावं तसं.

“हाय म्हंजे,” तो म्हणाला. “मग तिचीच चूक हाय.”

“विठू, अरे, चूक अशी नाही म्हणता येत...”

“न्हाय भाऊ. तुमी चांगलं सांगितलं व्हतं. आमीच आयकलं न्हाय.” आणि जाताना मागे वळून, रोजच्यासारखं, “अजून बोलायचं आसल तर बोलून घ्या. माग बंद हाय तवर.”

तो उतरला. एकेक करून आठ लूम सुरू झाले. डबे टकरा देऊ लागले.

नीला स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे परत गेली. त्या खडखडाटातही ऐकू येईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, “कर्णिकांना कळवा. याही वेळेला एकाच टेकमध्ये झालं.”

तुळजाला माहेरी पडघ्याकडे पोचवलं. आणायला कोणी गेलं नाही. पुढच्या वर्षी बायजाबाईने विठूला दुसरी करून दिली. विठू कामावर येत राहिला, सुधीर जिन्यात भेटला की मान लववत राहिला. दुपारचे माग मात्र त्याने पुन्हा बंद केले नाहीत. सुधीरनेही मागितलं नाही. गरजही उरली नव्हती, तोवर दादरच्या खोल्यांची बोलणी पक्की झाली होती.

पुढचा चित्रपट होता ‘बालकांतील अतिसार’. या खेपेला आरोग्यवाल्यांच्या तक्रारी आल्या असाव्यात, कारण चमचा आणि उकळलेलं पाणी संहितेतच, ठळक अक्षरांत होतं. सुधीर ते असं बोलला, की कंपनीच्या म्हाताऱ्या डॉक्टरने काचेपलीकडे चष्मा काढून डोळे पुसले. “या माणसाला मूल दगावण्याचं दुःख कळतं,” तो कर्णिकांना म्हणाला. कर्णिक म्हणाले, “ते तर खरंच. आणि शिवाय वेळेत कळतं.”

तो चित्रपट पडघ्याच्या बाजारात लागला तेव्हा तुळजा भाजीची पाटी घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती. आवाज आला, ओळखीचा, नाडी धरणारा: माप फक्त डब्यातल्या चमच्यानेच घ्या. तुळजाने पाटी खाली ठेवली आणि शेजारच्या बाईला सांगितलं, “हे तो आधी बोलला नवता.”

“गप गं,” बाई म्हणाली, “आयकू दे डाक्टर काय सांगतो ते.”

तर हिशेब बंद करू. कंपनीने कर्णिकांना पैसे दिले, ते तिला भुकटीतून परत मिळाले. कर्णिकांनी सुधीरला दिले, ते त्यांना कंपनीकडून परत मिळाले. सावळारामचा डबा संपला, त्याने दुसरा फोडला. सुधीरला जे जे मिळणार होतं ते सगळं मिळालं: दोन खोल्या, दाराचं स्वयंपाकघर, पडद्यावर पाच सेकंद. घरात शांतता हवी होती, तीही मिळाली. नीला आता कामापुरतं बोलते. विठूने दोन हिवाळे कापड घातलं, मग लेक घातली, मग बायको घातली, आणि वर सुधीरचे आभार मानले. एवढं होऊनही काही बाकी उरलंच. ते तुळजाच्या नावावर टाकलं, आणि फेडून घेतलं.